अलास्काची स्लेज शर्यत आणि जमैकाचा गडी: जिंकणार नाही हे माहीत असताना तुम्ही कोणासाठी जीव टाकलाय?

रानवाटा

नमस्कार मंडळी. इडिटारॉडवर इथे धागा आहे का ते आधी शोधलं, सापडला नाही म्हणून काढतेय.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. अलास्कात दर मार्चमध्ये कुत्र्यांच्या स्लेजची शर्यत होते, अँकरेजहून निघून बेरिंग समुद्राकाठच्या नोम गावापर्यंत, अंदाजे १६०० किमी. एक माणूस, एक स्लेज आणि पुढे जुंपलेली कुत्री. आधी सोळा असायची, २०१९ ते २०२३ चौदा, २०२४ पासून परत सोळा. माणसाला तिथे मशर म्हणतात. डोंगर, गोठलेल्या नद्या, शेवटी गोठलेला समुद्र. पहिला येणारा नऊ-दहा दिवसांत पोचतो, बाकीचे मागून येत राहतात. पहिली शर्यत १९७३ ला झाली तेव्हा जिंकणाऱ्याला वीस दिवस लागले होते आणि शेवटच्याला बत्तीस.

आता मुद्दा. २०१० च्या शर्यतीत न्यूटन मार्शल नावाचा जमैकाचा मुलगा उतरला होता. हो, जमैका, वॉल्श आणि होल्डिंगचं जमैका, जिथे बर्फ फक्त सरबतात दिसतो. तिथल्या डॅनी मेलव्हिल नावाच्या पर्यटन व्यावसायिकाने कॅनडात चाकं लावलेली कुत्र्यांची गाडी पाहिली आणि घरी येऊन प्राणी आश्रयगृहातली भटकी कुत्री घेऊन टीम उभी केली. न्यूटन त्याच्याच कंपनीत कामाला. त्याने आधी २००९ मध्ये कॅनडा-अलास्कातली युकॉन क्वेस्ट ही स्लेज शर्यत पूर्ण केली, तेरावा आला. मग २०१० ला इडिटारॉड, त्यातला पहिला जमैकन.

मी तेव्हा ऑफिसात एका टॅबमध्ये शर्यतीचं पान उघडं ठेवायचे. त्या तक्त्यात प्रत्येक मशरपुढे चेकपॉइंटला आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, आत आलेली कुत्री, बाहेर पडलेली कुत्री, एवढंच. पण मला वरची नावं बघायची इच्छाच व्हायची नाही, थेट खाली स्क्रोल करून मार्शल शोधायचे. तो ४७ वा आला, बारा दिवसांच्या वर लागले, आणि मी शेजारच्या डेस्कवरच्या मुलीला हलवून सांगितलं की पोचला गं! तिला कोण पोचला कुठे पोचला काही माहीत नव्हतं तरी ती पण टाळ्या वाजवायला लागली.

प्रश्न असा, की ज्याच्या जिंकण्याची काडीची शक्यता नाही त्याच्यात आपण एवढे का गुंततो? आणि तुमचा असा कोण आहे? शक्यतो याच शर्यतीतला सांगा, दुसऱ्या खेळातला असेल तरी चालेल.

गोटीराम

पहिला! मस्त धागा. वाचतोय.

केप्या

रानवाटा, लेख छान आहे पण थोडं वेगळं मत मांडतो. पर्यटन कंपनीने जमैकन माणूस बर्फात पाठवला यात जाहिरातीचा भाग मोठा आहे. जिमी बफे हा गायकही त्यांचा पुरस्कर्ता होता ना? ८८ च्या कॅल्गरी ऑलिम्पिकमध्ये जमैकाची बॉबस्ले टीम एवढी गाजली की तेव्हापासून 'जमैका आणि बर्फ' हे विकलं जातंच. त्याच निकालाचा मुलगा नॉर्वेचा असता तर ४७ व्या नंबराकडे कोणी ढुंकून पाहिलं असतं का? आपल्याला माणूस आवडतो की त्याची विचित्र जोडी आवडते, हे आधी ठरवा.

रानवाटा

@केप्या, प्रश्न योग्य आहे. पण बघा, पुरस्कर्ता पैसे देतो, उणे चाळीसमध्ये रात्री दोन वाजता कुत्र्यांच्या पायात बूटी तो घालून देत नाही. युकॉन क्वेस्ट म्हणजे पण तेव्हा जवळजवळ १६०० किमीच, आणि वाटेतले चेकपॉइंट इडिटारॉडपेक्षा खूप लांब लांब. तिथे तेरावा नंबर जाहिरातीने येत नाही. त्यासाठी तो कॅनडातल्या व्हाईटहॉर्सला हान्स गॅट या मशरकडे जाऊन राहिला, आणि इडिटारॉडच्या आधी लान्स मॅकी या मशरकडे. नॉर्वेचा असता तर माझं लक्ष गेलं नसतं हे मान्यच आहे, लक्ष जोडीमुळे जातं. पण लक्ष गेल्यावर माणूस टिकतो की नाही ते त्याच्यावर असतं.

उत्तरध्रुवी

अरे वा, या विषयावर मराठीत धागा बघून बरं वाटलं. मी अँकरेजला राहतो, मूळ मिरजेचा. मार्चच्या पहिल्या शनिवारी इथे फोर्थ अव्हेन्यूवरून औपचारिक सुरुवात होते. गंमत म्हणजे आदल्या रात्री ट्रकने बर्फ आणून रस्त्यावर पसरतात, कारण एरवी महापालिका तोच बर्फ उचलून नेत असते. लिलावात बोली लावून जिंकलेली माणसं स्लेजमध्ये बसून शहरातले काही मैल फिरतात. खरी शर्यत दुसऱ्या दिवशी विलो गावाहून सुटते. बर्फ कमी असला तर फेअरबँक्सहून, २००३, २०१५, २०१७ आणि आता २०२५ ला तसंच केलं.

टीव्हीवर न येणारी गोष्ट सांगतो, आवाज. सुटायच्या आधी कुत्री एवढी ओरडतात की शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. उड्या मारतात, दोर चावतात, स्लेज मागून माणसांनी धरून ठेवावी लागते. आणि स्लेज अडवणारा बर्फातला हूक उपटला की सगळं एकदम गप्प. फक्त पळायचा आवाज. माझी मुलगी लहान होती, ती त्या गप्प होण्याने घाबरली, ओरडण्याने नाही.

न्यूटनला मी लांबूनच पाहिलंय. पण गर्दीत जमैकाचे झेंडे होते आणि ते धरणारे सगळे गोरे अलास्कन आजोबा-आजी. @केप्या, त्यांना कोणी काही विकलं होतं असं मला तरी वाटलं नाही.

चिंटूची_आई

उत्तरध्रुवी, त्या बूटी काय असतात? कुत्र्यांना बूट??

उत्तरध्रुवी

हो ताई, कापडी पिशवीसारखे छोटे मोजे, वर वेल्क्रोचा पट्टा. बर्फाचे खडे बोटांच्या मधे अडकून पाय कापतात म्हणून. सोळा कुत्र्यांचे चौसष्ट पाय, आणि ते फाटतात, हरवतात, ओले होतात, परत परत बदलायचे. आणि हे उघड्या बोटांनी करावं लागतं, जाड हातमोज्यात तो पट्टा धरता येत नाही. प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूटी जवळ असल्याच पाहिजेत असा नियम आहे, त्याबरोबर कुऱ्हाड, झोपायची पिशवी, बर्फात चालायचे स्नोशूज, कुकर.

गोटीराम

कुकर म्हणजे शिट्टीवाला का 😄

उत्तरध्रुवी

नाही हो, मोठी बादलीच म्हणा, खाली अल्कोहोलचा जाळ. बर्फ वितळवून पाणी करायचं, त्यात मांस-चरबी घालून कुत्र्यांना गरम रस्सा द्यायचा. एक कुत्रं शर्यतीत दिवसाला दहा हजार कॅलरीच्या आसपास खातं. माणूस मात्र काय मिळेल ते चघळतो आणि उभ्या उभ्या झोपतो.

जुन्नरकर

कुत्र्यांचं आलं म्हणून बोलतो. आमच्याकडे बैलगाडा शर्यत. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बारी सुटली की काय होतं ते इथल्या अर्ध्या लोकांना माहीत नसेल, पुढं घोडी, मागं बैल, भंडारा उधळलेला आणि 'भिर्रर्र' चा गलका. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंद केली, २०२१ च्या डिसेंबरला परत परवानगी मिळाली, २०२३ ला कोर्टाने कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत किती जणांनी बैल विकले ते आम्हाला विचारा. शहरातली लोकं आम्हाला क्रूर म्हणत होती, आणि तीच लोकं आता १६०० किलोमीटर कुत्री पळवणाऱ्याला टाळ्या वाजवणार? बैलगाड्याची बारी काही सेकंदांची असते राव. मला उत्तर पाहिजे, भांडायचं नाहीये.

साधीसुधी

+१ जुन्नरकर. मला तर हा सगळा प्रकारच झेपत नाही. २०२४ च्या शर्यतीत तीन कुत्री मेली. त्याच्या आधीच विमान कंपनीपासून तेल कंपनीपर्यंत मोठे प्रायोजक सोडून गेले, प्राणीहक्कवाल्यांचा रेटा होता म्हणून. कुत्र्याला कोणी विचारलंय का, तुला नोमला जायचंय का ते? माणूस ४७ वा येवो की पहिला, माझ्या दृष्टीने स्पर्धक कुत्री आहेत आणि त्यांनी फॉर्म भरलेला नाही.

डॉक्टर_गोठ्यातले

मी पशुवैद्य आहे, गाई-म्हशींचा, त्यामुळे अलास्काचा अनुभव शून्य, पण या शर्यतीची वैद्यकीय बाजू बरीच वाचलीय.

शर्यतीआधी प्रत्येक कुत्र्याचा ईसीजी आणि रक्ततपासणी होते. चेकपॉइंटवर पशुवैद्य असतात, हृदय, फुप्फुस, सांधे, वजन, पाणी कमी झालंय का ते बघतात, आणि प्रत्येक मशरजवळ एक वही असते तिच्यात ते लिहितात. ती वही हरवून चालत नाही. दमलेलं किंवा लंगडणारं कुत्रं मशरने चेकपॉइंटवर सोडायचं, तिथून स्वयंसेवक वैमानिक छोट्या विमानातून त्याला परत नेतात. सक्तीची विश्रांती पण आहे, एकदा चोवीस तास, आणि आठ-आठ तासांच्या दोन, त्यातली शेवटची व्हाईट माउंटनला, नोमच्या थोडं अलीकडे.

एवढं असूनही कुत्री मरतात. साधीसुधींनी सांगितलेला आकडा खरा आहे आणि त्यावर पांघरूण घालायचं काही कारण नाही. सोळा निरोगी खेळाडू प्राण्यांना इतक्या ताणातून नेलं की धोका शून्य होत नाही. प्रश्न एवढाच की कोणता धोका आपण मान्य करायचा. माझं मत, जातिवंत हस्की फ्लॅटमध्ये बाल्कनीत पंख्याखाली बांधून ठेवणारे लोक पुण्या-मुंबईत हजारो आहेत, त्या कुत्र्यांच्या कातडीचे हाल मी मित्राच्या दवाखान्यात पाहिलेत. त्याबद्दल धागा का निघत नाही?

साधीसुधी

डॉक्टर, तो धागा तुम्ही काढा, पहिली प्रतिक्रिया माझी. पण एका चुकीने दुसरी बरोबर होत नाही.

डॉक्टर_गोठ्यातले

नाही होत, मान्य. म्हणून मी टाळ्या कोणाला वाजवायच्या ते निवडून वाजवतो. २०१९ ला निकोलस पेटी नावाचा मशर पुढे होता, जिंकण्याची चांगली संधी, आणि समुद्रकाठच्या टप्प्यात तो एका कुत्र्यावर ओरडला. टीम बसली. सगळी. उठलीच नाही. त्याला शर्यत सोडावी लागली. जुन्नरकर, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे असं मला वाटतं. चाबूक नाही, लगाम नाही, माणसाकडे फक्त आवाज आहे. चौदा कुत्र्यांनी नाही म्हटलं तर तिथे नाहीच. बैलाला तसं नाही म्हणता येतं का?

जुन्नरकर

डॉक्टर, चांगला बैल नाही म्हणतो, येऊन बघा. पण बसलेल्या टीमची गोष्ट माहीत नव्हती. आवडली. त्या वर्षी मग जिंकलं कोण?

उत्तरध्रुवी

पीट कायझर. बेथेलचा. इडिटारॉड जिंकणारा पहिला युपिक माणूस, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. त्याच्या गावाकडून लोक विमानाने नोमला आले होते. शर्यत त्यांच्या गावांतून जाते, कुत्र्यांच्या गाड्या त्यांच्याच पूर्वजांच्या, आणि बक्षिसं मात्र बहुतेक वर्षं बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांकडे. त्यामुळे कायझर जिंकला तेव्हाचा आनंद वेगळा होता. तो 'अनपेक्षित' मधे बसत नाही म्हणा, चांगलाच दमदार मशर आहे.

हिमशिखर

सगळे न्यूटन न्यूटन करताय, मला वाटलं लान्स मॅकीवर कोणीतरी लिहील. मीच लिहितो मग.

२००१ मध्ये त्याला घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, रेडिएशन. २००२ ला पोटाला अन्नाची नळी लावून हा माणूस इडिटारॉडला उभा राहिला, अर्ध्यावर सोडावी लागली. लाळग्रंथी गेल्यामुळे कायम पाण्याची बाटली जवळ. बोटाच्या नसा एवढ्या छळायच्या की त्याने एक बोट काढूनच टाकायला लावलं. आणि मग २००७ ला जिंकला. त्याच्या वडिलांनी, डिक मॅकीने १९७८ ला जिंकली होती, भाऊ रिकने १९८३ ला, दोघांचा अंगावरचा नंबर १३ आणि दोघांचा सहावा प्रयत्न. म्हणून लान्सने नाव नोंदवायच्या रांगेत आधीपासून मुक्काम ठोकून १३ नंबर मिळवला. त्याचाही सहावाच प्रयत्न. आणि जिंकला! हे कोणी कादंबरीत लिहिलं तर आपण म्हणू की काहीही. नंतर २००८, ०९, १०. सलग चार. आणि यातल्या पहिल्या दोन वर्षी युकॉन क्वेस्टपण जिंकली, दोन शर्यतींत जेमतेम काही आठवड्यांचं अंतर. सगळे म्हणायचे एकाच हिवाळ्यात दोन्ही जिंकणं शक्य नाही. त्याच्या कुत्र्यांच्या घराचं नाव कमबॅक केनेल. २०२२ मध्ये परत कॅन्सरनेच गेला, ५२ वर्षांचा.

आता न्यूटनशी जोडतो. २०१० ला न्यूटनने पळवलेली कुत्री मॅकीच्या केनेलची होती. म्हणजे त्याच वर्षी मॅकी पुढे चौथ्यांदा जिंकत होता, नऊ दिवसांना मिनिटभर कमी, आणि त्याच्याच घरातली दुसरी टीम घेऊन जमैकाचा पोरगा तीन दिवस मागून येत होता. मॅकीला तेव्हा गरज नव्हती कोणाला शिकवायची. स्वतः मरणाच्या दारातून आलेला माणूस होता, त्याला 'याच्याकडून होणार नाही' हे वाक्य दुसऱ्याबद्दल उच्चारवत नसणार, असा माझा अंदाज.

रानवाटा

हिमशिखर 🙏 हे वरच्या प्रतिसादात मी दोन शब्दांत उरकलं होतं. फार छान लिहिलंत.

धावरे

जरा विषयांतर करतो. मी पळतो, दक्षिण आफ्रिकेची कॉम्रेड्स ही लांब पल्ल्याची धावशर्यत केलीय, आपल्याकडून पुण्या-मुंबईचे बरेच जण जातात. तिथे बारा तासांची मुदत आहे. बारा तास झाले की एक माणूस येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बार उडवतो. पाठ यासाठी की कोण येतंय ते दिसू नये, दया येऊ नये. एका सेकंदाने चुकलात तरी मेडल नाही. मी वेळेत आलो होतो, स्टेडियममध्ये बसून ते शेवटचे बघितले, दोन पोरांनी एका बाईला दोन्ही बाजूंनी धरून आणलं आणि बार झाला. बाई रेषेच्या अलीकडे. मी तिथे रडलोय, सांगायला काही वाटत नाही.

मग इडिटारॉडच्या लाल कंदिलाबद्दल वाचलं आणि एकदम विरुद्ध टोक वाटलं. शेवटी येणाऱ्याला तिथे रेड लँटर्न देतात, बक्षीस म्हणून. बरोबर ना उत्तरध्रुवी?

उत्तरध्रुवी

अगदी बरोबर. आणि दुसरा एक कंदील असतो नोममध्ये, शर्यत सुरू झाली की शेवटच्या रेषेवरच्या लाकडी कमानीला टांगतात. शेवटचा मशर येईपर्यंत तो जळत राहतो, आणि शेवटी आलेला माणूस स्वतः तो विझवतो. जुन्या काळी टपाल घेऊन निघालेल्या स्लेजवाल्यांसाठी वाटेतल्या धर्मशाळा दिवा लावून ठेवायच्या, वाटेवर कोणीतरी आहे म्हणून, त्यावरून आलेली प्रथा.

नोममध्ये मी एकदाच गेलोय. कोणीही मशर गावाजवळ आला की अग्निशमन दलाचा भोंगा वाजतो. पहिला असो वा पन्नासावा. रात्री तीनला वाजला की लोक पायजम्यावर जाकिटं चढवून फ्रंट स्ट्रीटला येतात. हॉटेलात चहा घेत असताना भोंगा वाजला तर वेट्रेस बिल टाकून बाहेर, तिच्यामागे आपण.

केप्या

कॉम्रेड्सचा नियम मला जास्त प्रामाणिक वाटतो. स्पर्धा आहे तर रेषा पाहिजे. शेवटच्याला बक्षीस द्यायला लागलो तर मग पहिला येण्याला अर्थ काय?

धावरे

पहिल्याला घसघशीत रोख रक्कम मिळते हो केप्या, पूर्वी ट्रकही मिळायचा, शेवटच्याला कंदील. कोणी कंदिलासाठी मुद्दाम हळू जात नाही. आणि शेवटचा माणूस जास्त दिवस थंडीत काढतो, पुढच्यांनी तुडवून खराब केलेल्या वाटेवरून, वादळ आलं की त्याच्यावर दुप्पट. मला तरी त्याचं काम सोपं वाटत नाही.

पिंपळपान

माझी निवड: जॉन सूटरचे पूडल!!! १९८८ ते ९१ हा माणूस इडिटारॉडला हस्कींबरोबर पूडल जुंपून उतरला. स्टँडर्ड पूडल, ती सलूनमध्ये केस कापून घेणारी. आणि शर्यत पूर्ण केली. त्रास असा झाला की त्यांचे कुरळे केस बर्फात चिकटायचे, झोपली की जमिनीला गोठून बसायची. नंतर नियमच बदलला, आता उत्तरेकडच्या जातीचीच कुत्री चालतात. मला वाईट वाटतं त्या पूडलांचं, एवढं पळून शेवटी नियमाने बाहेर.

गोटीराम

पूडल 😂😂 आमच्या सोसायटीत एक आहे, ते लिफ्ट बंद असली तर जिना उतरत नाही.

डॉक्टर_गोठ्यातले

नियम योग्यच होता पिंपळपान. हस्कीच्या अंगावर दुहेरी केस, आतली लोकर आणि वरचे राठ, बर्फ आत जातच नाही. पूडलला आतली लोकर नाही. धैर्य मालकाचं, थंडी पूडलला.

साधीसुधी

डॉक्टर, शेवटचं वाक्य माझं म्हणून वापरते आता. आणि ते सगळ्या शर्यतीला लागू आहे.

मेघना_र

रेचल स्कडोरिस कोणाला माहीत आहे? ओरेगॉनची मुलगी, जन्मापासून दृष्टी अगदी अधू, कायद्याने अंध म्हणतात तशी. रंग दिसत नाहीत, उजेड सोसत नाही, आणि बर्फावर उन्हाचा उजेड म्हणजे काय ते कळेलच. आयोजकांशी बरीच वादावादी होऊन परवानगी मिळाली की पुढे दुसरा मशर जाईल आणि वॉकीटॉकीवर सांगेल, फांदी आहे, वळण आहे, उतार आहे. २००५ ला कुत्री आजारी पडली म्हणून तिने स्वतःहून शर्यत सोडली. २००६ ला परत आली आणि पूर्ण केली, ५७ वी.

माझा भाऊ दृष्टिबाधित आहे म्हणून मला हे जवळचं. तेव्हा काही जुने मशर म्हणाले होते की ती इतरांना धोका आहे, वाटेत कोणाला तिची मदत करावी लागेल. तिची बाजू घेणारेही होते. पण मला सगळ्यात पटतं ते २००५ चं सोडून देणं. सगळं जग बघतंय, हिला जमतं का नाही म्हणून, आणि अशा वेळी कुत्र्यांसाठी थांबायचं. त्याला हिंमत लागते. भावाला मी ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "पाच ला सोडली म्हणून सहा ला कुत्री तिच्यासाठी पळाली असतील."

जुन्नरकर

मेघना ताई, तुमचा भाऊ शहाणा माणूस आहे.

बंड्या_नोमकर

आयडी आजच घेतला या धाग्यासाठी 😀 सगळ्यात मोठा अनपेक्षित गडी राहिलाच की. बाल्टो. १९२५ ला नोममध्ये घटसर्पाची साथ, त्यावरचं प्रतिविष (औषध) नाही, विमान उडवता येईना. नेनानाहून नोमपर्यंत वीस मशरनी एकमेकांकडे देत देत ते औषध नेलं, १०८५ किमी, साडेपाच दिवसांत. शेवटचा टप्पा गुन्नार कासेन आणि त्याचा लीड डॉग, म्हणजे सगळ्यात पुढचा कुत्रा, बाल्टो. लिओनार्ड सेपाला, ज्याच्या मालकीचा बाल्टो, तो त्याला दुय्यम कुत्रा समजायचा, सामान ओढायला बरा, पुढे लावायला नाही. आणि पुतळा कोणाचा उभा राहिला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात? बाल्टोचा, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये.

हिमशिखर

बंड्या, पण सगळ्यात लांब आणि धोक्याचा टप्पा सेपाला आणि त्याचा कुत्रा टोगो यांनी काढला, गोठलेल्या नॉर्टन साउंड या आखातावरून, बर्फ खालून फुटायच्या बेतात असताना. टोगो तेव्हा बारा वर्षांचा म्हातारा. त्याला न्यूयॉर्कात पुतळा मिळायला २००१ उजाडलं. माझं मत टोगोला.

बंड्या_नोमकर

टोगो तर आधीपासूनच सुपरस्टार होता हो, त्याला अनपेक्षित कसं म्हणणार! रानवाटांनी विचारलंय ते बघा, ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती तो.

उत्तरध्रुवी

टोगो-बाल्टो वाद इथे अँकरेजमध्ये पण चहाच्या कपावर चालतो, सुटत नाही. पुढे जाऊया.

न्यूटनचं एक राहिलं कोणी सांगायचं. २०१४ ची शर्यत. त्या वर्षी बर्फच नव्हता धड, डॅल्झेल गॉर्ज या दरीत उघडे दगड, झाडांचे बुंधे, निसरडा बर्फ, स्लेज अक्षरशः मोडल्या, कित्येकांनी शर्यत सोडली. स्कॉट जॅन्सन नावाचा मशर, अँकरेजमध्ये अंत्यविधीचा व्यवसाय आहे त्याचा, त्यावरून टोपणनावच पडलेलं. तो आधी बुंध्यावर डोकं आपटून बेशुद्ध पडला, शुद्धीवर येऊन पुढे निघाला, मग सुटलेल्या कुत्र्यामागे जाताना बर्फावर घसरून घोटा मोडला. उठता येईना. पडून राहिलेला माणूस त्या थंडीत किती वेळ टिकणार? मागून स्लेज आली ती न्यूटनची. त्याने आपली टीम थांबवली, त्याला झोपायच्या पिशवीत घातलं, आणि मदत येईपर्यंत त्याच्याजवळ थांबला.

अलास्कातला माणूस बर्फात पडलेला, आणि वाचवायला जमैकाचा. इथल्या पेपरात सगळ्यांनी छापलं होतं.

केप्या

उत्तरध्रुवी, हे माहीत नव्हतं. याला जाहिरात म्हणणार नाही मी. रेषा पाहिजे हे माझं मत कायम आहे, पण त्या दिवशी न्यूटन ज्या जागी होता त्या जागी, म्हणजे मागे, कोणीतरी असायलाच हवं होतं.

मेघना_र

आणि त्याच २०१४ ला पुढे काय झालं ते पण भारी आहे. जेफ किंग आघाडीवर, नोमच्या अगदी अलीकडे वादळाने त्याला वाटेबाहेर फेकलं, त्याने सोडली. एली झर्कल सेफ्टी नावाच्या शेवटच्या चेकपॉइंटला वादळ बघून थांबली. मागून डॅलस सीव्ही आला, त्याला वाटत होतं आपण तिसऱ्या नंबरासाठी पळतोय, मागचा दिवा आपल्याला गाठतोय म्हणून जीव खाऊन पळाला, आणि कमानीखाली बसल्यावर लोकांनी सांगितलं की बाबा तू जिंकलास. मागचा दिवा एलीचा होता, दोन-अडीच मिनिटांनी आली ती.

गोटीराम

काय सांगता! मी आता खरंच बघणार ही शर्यत. कुठे दिसते?

उत्तरध्रुवी

शर्यतीच्या अधिकृत साइटवर तक्ता फुकट दिसतो, व्हिडिओ आणि जीपीएस नकाशाला पैसे भरावे लागतात. घड्याळाचं गणित, आम्ही तुमच्या साडेतेरा-साडेचौदा तास मागे, म्हणजे तुमची सकाळ ही आमची आदली संध्याकाळ.

साधीसुधी

मी बघणार नाही. पण रानवाटा म्हणाल्या त्या तक्त्यातला 'बाहेर पडलेली कुत्री' हा रकाना कोणी बघत असेल तर मला कळवा, सोळा निघाली आणि किती सोडली, का सोडली. ते लपवत नाहीत हे त्यातल्या त्यात बरं.

डॉक्टर_गोठ्यातले

साधीसुधी, नक्की कळवतो. आणि रानवाटांच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर त्याच रकान्यात आहे. मी खालच्या तीसमधला असा मशर शोधतो ज्याने वेळेवर कुत्री सोडली, सात-आठच उरली आणि तरी तो पोचला. नाव कोणतंही असो. कुत्री कमी झाली की स्वतः मागून ढकलत, चढावर पळत जावं लागतं. असा माणूस दरवर्षी निघतो.

जुन्नरकर

डॉक्टर, मग एक करा. मार्चमध्ये तुम्ही तसा मशर निवडा, मी माझा निवडतो, केप्याला पहिल्या पाचातला घेऊ द्या. कोणाचा कधी पोचतो ते इथेच टाकू. पण माझी एक अट, ज्याच्या टीमला काही इजा झाली त्याचं नाव यादीतून बाद.

साधीसुधी

ती अट असेल तर मी पण एक नाव घेते.

रानवाटा

ठरलं! नवख्यांची यादी आली की याच धाग्यात टाकते. आधी ठरावीक पात्रता शर्यती पूर्ण केल्याशिवाय कोणाला उतरता येत नाही, त्यामुळे यादीतला प्रत्येक जण काही ना काही करून आलेला असतो. केप्या, तुम्ही मात्र एक तरी नाव चाळीसच्या खालचं घ्यायचं.

केप्या

एक घेतो. मेघना ताईंच्या भावाला निवडायला सांगा माझ्या वतीने.

मेघना_र

विचारलं त्याला. म्हणाला यादी वाचून दाखव, मग कुत्र्यांची नावं पण वाच, त्यावरून ठरवतो.